मेळावा परदेशस्थ डॉक्टरांचा, लगीनघाई दिल्लीकरांची

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की दिल्लीतला लग्नांचा हंगाम एकदम थंडावतो. सूर्य धनु राशीत गेला की उत्तर भारतात ‘खरमास’ सुरू होतो आणि मकरसंक्रांतीपर्यंत शुभकार्यं होत नाहीत. बँडवाले, घोडीवाले, मांडववाले जरा पाठ टेकतात. पण दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या काही डॉक्टरांच्या घरी नेमकी याच दिवसांत लगीनघाई उडालेली असते. जेवणाच्या टेबलावर नावांचे बिल्ले पसरलेले असतात, दिवाणखान्यात कापडी पिशव्यांची थप्पी लागलेली असते, मुलांना अभ्यास सोडून पाकिटांत कार्यक्रमपत्रिका भरायला बसवलेलं असतं. घरची गृहिणी, जी बहुधा स्वतःही डॉक्टरच असते, दवाखान्यातून आल्या आल्या हॉटेलच्या व्यवस्थापकाशी शाकाहारी जेवणाचा हिशेब करत असते. लग्न कुणाचं, असं शेजाऱ्यांनी विचारावं अशी ही गडबड! पण लग्न कुणाचंच नसतं. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय डॉक्टरांची परिषद दिल्लीत भरायची असते आणि हे घर त्या परिषदेचं ‘यजमान’ असतं.

अशा परिषदांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. दीपप्रज्वलनाचं छायाचित्र, मंत्र्यांचं भाषण, ‘मायभूमीचं ऋण फेडण्या’चा संकल्प. छायाचित्रात न दिसणाऱ्या माणसांनी त्यासाठी काय केलेलं असतं आणि एवढं करून शेवटी हाती काय लागतं, हे मात्र क्वचितच छापून येतं.

तारखेची कसरत

पहिलं अवघड काम तारीख ठरवण्याचं. अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या डॉक्टरला सलग दहा-बारा दिवसांची रजा मिळण्याची शक्यता नाताळ आणि नववर्षाच्या आसपास. मुलांच्या शाळांनाही तेव्हाच सुट्टी. खरमासामुळे दिल्लीतले मोठे हॉल रिकामे असतात; एकतीस डिसेंबरची रात्र तेवढी टाळायची, कारण त्या रात्री हॉटेलांचे दर विचारण्याचीही सोय नसते. इथवर सगळं जुळून येतं. पण दिल्लीचं धुकंही याच दिवसांत उतरतं! दाट धुक्यात विमान उतरवण्याची यंत्रणा विमानतळावर आहे, तरी पहाटेची विमानं तासन्‌तास रखडतात, काही जयपूरकडे वळवली जातात. प्रमुख वक्ता जयपूरला आणि श्रोते दिल्लीत, असा प्रसंग ओढवायला वेळ लागत नाही. म्हणून जाणता संयोजक पहिल्या दिवशी सकाळचं व्याख्यान नेहमी दिल्लीकर वक्त्याकडेच सोपवतो.

धुक्याच्या जोडीला धूर असतोच. 2017 पासून दिल्ली परिसरात प्रदूषणाच्या पातळीनुसार टप्प्याटप्प्याने निर्बंध लागू होतात. हवा फारच बिघडली की जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांना बंदी येते, जनरेटर चालवण्यावरही मर्यादा येतात. गुरुग्रामहून पाहुणे आणण्यासाठी ठरवलेली बस आयत्या वेळी रस्त्यावर येऊच शकत नाही. बस ठरवताना भाड्याआधी तिचं इंजिन कोणत्या मानकाचं आहे हे विचारायला दिल्लीकर संयोजक आता शिकला आहे. मग तारीख पुढे ढकलावी म्हटलं, तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तालीम सुरू होते. मध्य दिल्लीचे रस्ते बंद, आणि विमानांची ये-जाही रोज काही तास थांबलेली.

हे सगळं ठरवायच्या बैठका व्हायच्या त्या फोनवर किंवा संगणकाच्या पडद्यावर. हिवाळ्यात दिल्लीत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे साडेतीन, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे साडेसात. तिन्ही ठिकाणच्या मंडळींना सोयीची वेळ म्हणजे दिल्लीकरांची जेवणाची वेळ. चार-सहा महिने रविवारचं जेवण गार होतं आणि घरच्यांची कुरकुर वाढते, ती वेगळीच.

अन्यायातून उभ्या राहिलेल्या संघटना

एवढी यातायात ज्यांच्यासाठी होते त्या संघटना मिरवण्यासाठी जन्माला आल्या, असं कुणाला वाटेल. त्यांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. 1948 साली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तिथली रुग्णालयं चालवायला भारतीय उपखंडातले डॉक्टर मोठ्या संख्येने गेले. अमेरिकेने 1965 साली स्थलांतराचा कायदा बदलला, त्याच वर्षी वृद्धांसाठी व गरिबांसाठी सरकारी आरोग्यविमा आणला, आणि तिथेही डॉक्टरांची निकड निर्माण झाली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल आणि जी. एस. मेडिकलमधून, पुण्याच्या बी. जे. मधून, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून पदव्या घेतलेले तरुण या लाटेबरोबर गेले. गरज होती म्हणून बोलावलं खरं, पण बरोबरीचं मानलं असं नाही. ज्या गावांत आणि ज्या शाखांत स्थानिक डॉक्टर जायला नाखूश, तिथल्या जागा यांच्या वाट्याला. बढती, परवाना, प्रशिक्षणाची जागा, प्रत्येक ठिकाणी ‘परदेशी पदवीधर’ हा शिक्का आडवा येई.

म्हणून ब्रिटनमध्ये 1975 साली परदेशस्थ डॉक्टरांची संघटना उभी राहिली. अमेरिकेत 1982 साली भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘आपी’ ही संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये 1996 साली ‘बापिओ’ आली. 2006 साली ब्रिटिश सरकारने युरोपबाहेरच्या डॉक्टरांसाठी नियम एकाएकी बदलले. परीक्षा देऊन, कर्ज काढून तिथे पोहोचलेले हजारो तरुण डॉक्टर अधांतरी लोंबकळले. तेव्हा ‘बापिओ’ न्यायालयात गेली आणि 30 एप्रिल 2008 रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने सरकारी आरोग्य खात्याचं ते मार्गदर्शनपत्रक बेकायदा ठरवलं. वर्गणी गोळा करून, रजा टाकून लढलेली ही लढाई होती. पुढे 2011 मध्ये जगभरातल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांना एकत्र आणणारी ‘गापिओ’ही आली.

यांपैकी ‘आपी’चं मोठं अधिवेशन दरवर्षी उन्हाळ्यात अमेरिकेत भरतं आणि 2007 पासून ती भारतातही आरोग्य परिषदा भरवत आली आहे. मुंबई, हैदराबाद, अहमदाबादप्रमाणे दिल्लीतही त्या झाल्या. मंत्रालयं इथे, ‘एम्स’ इथे, आणि 9 जानेवारी 2003 रोजी पहिला प्रवासी भारतीय दिवसही इथल्याच प्रगती मैदानावर साजरा झालेला. तेव्हा दिल्लीचं आकर्षण स्वाभाविकच म्हणायचं.

वरपक्ष आणि वधूपक्ष

खरी गोम पुढेच आहे. परिषद जसजशी जवळ येते तसतसे तिचे दोन पक्ष पडू लागतात. परदेशातून येणारे ते वरपक्ष आणि दिल्लीकर ते वधूपक्ष. वरपक्षाचा मानपान सांभाळायचा, कुणाचं नाव पत्रिकेत आधी, कुणाला व्यासपीठावर खुर्ची, कुणाची खोली कितव्या मजल्यावर, हे बघायचं. मंत्री येणार असले तर सुरक्षा तपासणीसाठी हॉल रिकामा करायचा. मंत्री दीड तास उशिरा आले तर त्या दीड तासाची कात्री कुणाच्या निबंधावर चालते? दिल्लीतल्या एखाद्या सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या. कारण तो घरचा! त्याला काय, पुन्हा कधीही ऐकता येईल.

ही घरची माणसं कोण असतात? पुष्कळदा पाहुण्यांचेच वर्गमित्र. एका बाकावर बसलेले, एकाच खाणावळीत जेवलेले. एक गेला, एक राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात 2008 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1989 ते 2000 या काळात ‘एम्स’मधून पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे 54 टक्के डॉक्टर परदेशात असल्याचं त्यात आढळलं. म्हणजे वर्गाच्या छायाचित्रात दहा चेहरे पाहिले तर पाचांहून जास्त साता समुद्रापार. उरलेल्यांनी इथलं बाह्यरुग्ण विभाग सांभाळले.

व्यासपीठावर पाहुणा सांगतो, ‘‘भारतात रुग्णाला पुरेसा वेळ दिला जात नाही. आमच्याकडे प्रत्येक रुग्णाला निदान वीस मिनिटं देतात.’’ म्हणणं खोटं नसतं. पण समोरच्या रांगेत बसलेल्या त्याच्या मित्राच्या डोळ्यांपुढे ‘एम्स’च्या फाटकाबाहेर थंडीत रात्र काढणारी, बिहार-बुंदेलखंडातून आलेली माणसं उभी राहतात. त्याने प्रत्येकाला वीस मिनिटं दिली तर निम्मी रांग न तपासताच परत जाईल. तो टाळ्या वाजवतो, पण मनात काही तरी दुखतं. उलट, चहाच्या वेळी हाच मित्र सहज बोलून जातो, ‘‘तुमचं बरं आहे बुवा! डॉलरमध्ये कमवायचं आणि इथे येऊन उपदेश करायचा.’’ बाहेरच्या देशात पंधरा-वीस वर्षं दुय्यम वागणूक गिळून वर आलेल्या माणसाला हे वाक्य कसं लागतं, हे त्याच्या गावी नसतं.

गेलेला आणि राहिलेला, दोघांनाही एकमेकांकडून एकच गोष्ट हवी असते. तू जे सोसलंस ते मला दिसतं, एवढी पावती. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत नेमकी तीच नसते. म्हणून संयोजकाने सर्वांत जास्त डोकं लावायचं ते सजावटीवर नाही, या पत्रिकेवर. प्रत्येक सत्रात एक पाहुणा आणि एक घरचा, दोघांना सारखाच वेळ, आणि सत्काराचे सगळे हार एकाच संध्याकाळी. एवढे तीन नियम पाळले तरी निम्मा रुसवा जातो. शिवाय पाहुण्यांना प्रवासामुळे दुपारी जेवणानंतर डुलक्या येतात आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. म्हणजे शिकण्या-शिकवण्याचं काम सकाळी आणि भाषणं दुपारी ठेवली तर कुणाचंच फारसं नुकसान होत नाही!

देण्याची घाई

दुसरी अडचण चांगुलपणातून उद्भवते. पाहुण्याला काही तरी द्यायचं असतं, आणि लगेच द्यायचं असतं. ‘‘मी येतोच आहे तर एक मोफत शिबिर घेऊ या,’’ असा निरोप येतो. संयोजकाला मग संकोचाने सांगावं लागतं, ‘‘दादा, तुमची नोंदणी तिकडची. इथल्या वैद्यक परिषदेची नोंदणी किंवा तात्पुरती परवानगी असल्याशिवाय तुम्हाला इथे रुग्ण तपासता येणार नाही.’’ ज्याने इथल्याच महाविद्यालयात शिक्षण घेतलं त्याला हे ऐकताना वाईट वाटतं. पण कायदा रुग्णाच्या रक्षणासाठी आहे. पाहुणा चार दिवसांनी जाणार; त्याने लिहून दिलेल्या औषधाचा त्रास झाला तर रुग्णाने कुणाकडे जायचं?

कुणी सोनोग्राफीचं सुटसुटीत यंत्र भेट द्यायला निघतो. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी 1994 साली झालेल्या कायद्यानुसार अशा प्रत्येक यंत्राची आणि ते वापरणाऱ्या केंद्राची नोंदणी आवश्यक असते. पिशवीतून आणून गावच्या दवाखान्यात ठेवून दिलेलं यंत्र ही भेट नव्हे, तर त्या दवाखान्यामागे लावलेलं झेंगट ठरतं. वापरलेली वैद्यकीय उपकरणं आयात करण्यावरही निर्बंध आहेत.

पैशाचंही तसंच. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयाची देणगी कायद्याच्या दृष्टीने परदेशी देणगी ठरते, मग तो मनाने कितीही पुणेकर असो. ती स्वीकारणाऱ्या संस्थेकडे परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला वाटून देण्याचीही आता मुभा नाही. तेव्हा ‘पैसे मी पाठवतो, कुणाला द्यायचे ते तुम्ही बघा’ हा उदार निरोप संयोजकाला थेट सनदी लेखापालाच्या दारात नेऊन उभा करतो.

राहता राहिल्या औषध कंपन्या. पूर्वी अशा परिषदांची मेजवानी, पिशव्या, कधी कधी मुक्कामही त्यांच्या खात्यावर होत असे. 2024 च्या विपणन संहितेने डॉक्टरांना भेटवस्तू आणि प्रवास-मुक्कामाचा खर्च देण्यावर लगाम घातला आहे. त्यामुळे संयोजकांचा जमाखर्च अवघड झाला हे खरं, पण आपल्या वर्गणीतून भाजी-पोळी खाल्लेली केव्हाही बरी. कंपनीच्या पैशांनी जेवलेल्या डॉक्टरची लेखणी नंतर कुणाचं औषध लिहील, हा प्रश्न तरी उरत नाही.

मांडव नसलेला मेळावा

देण्याघेण्याची खरी रीत कोणती, हे दिल्लीने एकदा अनुभवलं आहे. 2021 चा एप्रिल आणि मे. दिल्लीत करोनाची दुसरी लाट. रुग्णालयांत खाट नाही, ऑक्सिजन नाही, स्मशानांत रांगा. त्या दिवसांत कुणी दीप उजळले नाहीत की कुणाला शाल दिली नाही. परदेशातल्या डॉक्टरांनी लाखो डॉलर उभे केले, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी यंत्रं पाठवली. तिकडची पाळी संपवून, झोप बाजूला सारून ते नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या, कधी न पाहिलेल्या माणसांच्या फोनवर बोलत बसले. घाबरू नका, पालथं झोपवा, बोटावरचा आकडा दर दोन तासांनी सांगा.

पण इकडे ती यंत्रं विमानतळावरून सोडवणारा, ती चालतात की नाही हे पाहणारा, कोणत्या घरी आधी पोहोचवायची हे ठरवणारा माणूस दिल्लीचाच होता. आठवडाभर घरी न गेलेला, स्वतः आजारी पडून उठलेला. त्या दोन महिन्यांत वरपक्ष-वधूपक्ष उरला नव्हता. कारण यंत्र पाठवण्याआधी पाहुण्याने एक साधा प्रश्न विचारला होता, ‘‘तुला काय हवंय?’’

विद्या देऊन जाणारा पाहुणा

हा प्रश्न शांततेच्या काळातही विचारता येतो. महाराष्ट्रातल्या वाचकांना डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं उदाहरण जवळचं आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून ते परतले आणि 1986 च्या सुमारास गडचिरोलीत कामाला लागले. दवाखाना कसा असावा हे त्यांनी तिथल्या आदिवासींनाच विचारलं, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे तो गावातल्या घरांसारखा बांधला. गावातल्याच बायकांना त्यांनी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यामुळे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचं ‘लॅन्सेट’ने 1999 साली छापलं. महागड्या यंत्रापेक्षा शिकवलेली विद्या अधिक टिकते.

चार दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यालाही हे जमण्यासारखं आहे. अलीकडे अशा परिषदांच्या जोडीने पोलिसांना आणि सामान्य नागरिकांना प्राण वाचवण्याचं प्राथमिक शिक्षण देण्याचे उपक्रम होऊ लागले आहेत. एखाद्याचं हृदय अचानक बंद पडलं तर मेंदूला इजा व्हायला चार ते सहा मिनिटं पुरतात. दिल्लीच्या गर्दीत रुग्णवाहिका तेवढ्या वेळात पोहोचेल याची खात्री कोण देणार? अशा वेळी जवळच्या माणसाने छातीच्या मध्यभागी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहायचं. एवढं शिकायला एक सकाळ पुरते. नोंदणी लागत नाही, आयात परवाना लागत नाही, आणि शिकलेला हवालदार पाहुणा गेल्यावरही चौकात उभाच असतो.

आवराआवर

शेवटच्या दिवशी संध्याकाळी हॉल रिकामा होतो. मराठी मंडळी एकमेकांना शोधून काढून महाराष्ट्र सदनात जेवायला जातात आणि तिथे वसतिगृहातल्या आठवणींना ऊत येतो. पण ताटावरून उठताना एखाद्याचं लक्ष घड्याळाकडे जातं. दहा दिवसांच्या रजेतले चार परिषदेत गेले. पुण्याला किंवा नागपूरला सत्तरी-ऐंशीतले आई-वडील वाट पाहत आहेत. ‘‘परवा बाबांना डॉक्टरकडे न्यायचंय. त्यांचा गुडघा तू एकदा बघशील का फोनवर?’’ अमेरिकेतला डॉक्टर दिल्लीतल्या मित्राला हळूच विचारतो. व्यासपीठावर वीस मिनिटांचा हिशेब मांडणारा हाच माणूस. आणि मित्र म्हणतो, ‘‘फोनवर कशाला? पुढच्या महिन्यात माझं पुण्याला काम आहे, घरी जाऊनच बघतो.’’ परिषदेच्या अहवालात या संभाषणाची नोंद होत नाही. पण गेलेला आणि राहिलेला यांचा खरा करार इथेच होतो.

दुसऱ्या दिवशी यजमानाच्या घरी उरलेल्या पिशव्या मोजल्या जातात, मांडववाल्याचे पैसे चुकते होतात, मुलं पुन्हा अभ्यासाला बसतात. पुढच्या वर्षीची वही उघडली जाते. त्या वहीच्या पहिल्या पानावर पाहुण्यांच्या नावांची यादी लिहिण्याची पद्धत आहे. त्याऐवजी एक ओळ लिहावी : गेल्या वर्षी जे ठरलं होतं, त्याचं काय झालं? आणि परिषदेच्या पहिल्या सकाळी, दीप लागण्याआधी, त्याचं उत्तर एका पाहुण्याने आणि एका घरच्याने मिळून द्यावं. उत्तर देता आलं, तर रविवारची सगळी गार जेवणं सार्थकी लागली म्हणायची.